बर्फावरचे पाय

ऑन्टॅरिओ प्रांतात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी गॅननॉक्वे नावाचे एक लहान गाव आहे. १९६१ सालच्या वसंतात तेथील रिंकमध्ये मुलांची एक आइस हॉकी स्पर्धा चालू असता, बोस्टन ब्रुइन्स या धंदेवाईक क्लबाची वरिष्ठ मंडळी, जवळच्या किंग्स्टन शहरी आपल्या ताब्यातील संघाच्या कामासाठी आलेली, वाट वाकडी करून तेथे येऊन बसली. त्यांना पाहायची होती दोन मुले, आणि तीही स्थानिक संघातली; परंतु खेळ सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच सर्वांच्या नजरा समोरच्या, पॅरी साउंड गावाहून आलेल्या संघातील एका सडपातळ मुलावर खिळल्या. जवळजवळ सगळा वेळ तोच बर्फावर होता, आणि पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असते ती रबराची चकती, त्याच्या काठीला डिंकाने चिकटवावी तशी त्याच्याजवळ राहात होती. मुलाचे वय अवघे बारा-तेरा. नाव बॉबी ऑर. ज्या दोघांसाठी ही मंडळी आली होती त्यांचा विषय तेथेच संपला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. ही म्हण आपण बहुधा मुलाने पराक्रम केल्यानंतर, म्हणजे पाळणा माळ्यावर गेल्यावर वापरतो, आणि म्हणूनच ती कधी खोटी ठरत नाही. आधी सांगण्याची जोखीम पत्करून त्यावरच पोट भरणारा एक वर्ग मात्र उत्तर अमेरिकेत गेली शंभर वर्षे नांदत आहे. त्यांना तिकडे स्काऊट म्हणतात. आपल्याकडे तो शब्द कानी पडताच गळ्यात रुमाल बांधलेला बालवीर डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात हा मनुष्य बहुधा पन्नाशीचा, स्वतः कधीकाळी खेळलेला, हिवाळाभर मोटारीतून गावोगाव हिंडणारा आणि रिंकच्या कोपऱ्यातील उंच बाकावर कोटाची कॉलर वर करून बसणारा असा टेहळ्या असतो. त्याच्या विद्येचा इतिहास लिहू जाता प्रथम ध्यानात येते ते हे, की या धंद्यात पारख ही मालकीच्या मागून आली. आधी ताबा आणि मग परीक्षा असाच येथला क्रम बराच काळ होता.

१९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत नॅशनल हॉकी लीगमध्ये माँट्रिअल, टोरांटो, बोस्टन, न्यू यॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो असे सहाच क्लब होते, आणि त्यांत मिळून जेमतेम सव्वाशे माणसांना नोकरी होती. या सहा क्लबांनी कॅनडाचा सारा मुलूख आपसांत वाटून घेतला होता. प्रत्येक क्लबाच्या गावापासून ५० मैलांच्या आतील मुलांवर त्या क्लबाचा हक्क चाले. त्या हद्दीबाहेर ठिकठिकाणचे कुमारसंघ पैसे पुरवून पोसलेले असत, आणि जो मुलगा अशा संघात आला तो पोसणाऱ्याच्या दफ्तरी चढला. दफ्तरी चढविण्याचे कागद तीन प्रकारचे होते. ‘ए’ फॉर्मने मुलगा चाचणीस येण्याचे कबूल करी. ‘बी’ फॉर्मने, पुढेमागे धंदेवाईक झालोच तर तुमच्याचकडे होईन, असे बांधून घेई. आणि ‘सी’ फॉर्म ही निखळ कबुलायत होती, जिच्यायोगे त्याचे सर्व धंदेवाईक हक्क क्लबाच्या स्वाधीन होत. मुलगा अठराच्या आतला असेल तर सही बापाने करावयाची. मोबदला म्हणून पुष्कळदा शंभरेक डॉलर इसार मिळे. खेड्यातल्या खाणकामगाराला किंवा शेतकऱ्याला ते शंभर डॉलर दिसत, मुलाला संघाचा शिक्का दिसे, आणि कागदावरील बाकीचा मजकूर कोणालाच दिसत नसे.

गॅननॉक्वेहून परतलेल्या ब्रुइन्सने मग जे केले ते या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. क्लब त्या काळी कोष्टकाच्या तळाशी होता, आणि बुडत्याला काडीचा आधार या न्यायाने तेरा वर्षांच्या पोरावर भिस्त ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. रेन ब्लेअर हा त्यांचा माणूस पॅरी साउंडच्या वाऱ्या करू लागला. तेथील मुलांच्या हॉकीसाठी क्लबाने सालीना १००० डॉलर याप्रमाणे तीन वर्षे देणगी दिली. गावाने ती आनंदाने घेतली आणि देणगीचा हेतू काय हे न समजण्याइतके गावातले कोणी भाबडे नव्हते. ऑरचे वडील स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यात कामास होते. आई मुलाला इतक्या लवकर घराबाहेर पाठविण्यास मुळीच राजी नव्हती. १९६२ साली, मुलगा चौदा वर्षांचा असता, ‘सी’ फॉर्मवर सह्या झाल्या. शर्तींमध्ये काही रोकड होती, आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना नवा गिलावा करून देण्याचेही कलम होते. मला या साऱ्या इतिहासात त्या गिलाव्याइतके बोलके दुसरे काही वाटत नाही. पुढे लाखो लोकांनी ज्याच्यावरून जीव ओवाळून टाकला, त्या खेळाडूच्या हक्कांची किंमत एका कामगार कुटुंबाच्या नजरेने ठरली होती, आणि त्याला त्या वेळी भिंतींचे पोपडे सलत होते. तथापि आईने आपला हट्टही सोडला नाही: पहिल्या हंगामात मुलगा पॅरी साउंडलाच राहून शाळेत जाई आणि केवळ सामन्यांपुरता, क्लबाने पोसलेल्या ओशावाच्या कुमारसंघात, वीस वर्षांच्या बाप्यांविरुद्ध, खेळून परत येई.

सर्वांचाच सौदा गिलाव्यापर्यंत जात नसे. सस्कॅचवान प्रांतातील गॉर्डी हाऊ पंधराव्या वर्षी, १९४३ साली, न्यू यॉर्क क्लबाच्या विनिपेग येथील शिबिरात गेला, घरच्या आठवणीने व्याकूळ झाला आणि गाडीत बसून परत आला. न्यू यॉर्कवाल्यांनी त्याला जाऊ दिले. पुढल्या वर्षी डेट्रॉइटने त्याला बोलाविले. करार करतेवेळी त्याने मागितले काय, तर संघाचे बोधचिन्ह असलेले एक जाकीट. ते देण्याचे कबूल करून मालकपक्ष विसरून गेला, आणि त्यासाठी पोराला पुन्हा तोंड उघडावे लागले. हा हाऊ पुढे १९४६ पासून डेट्रॉइटकडून पंचवीस हंगाम खेळला आणि लीगमधून निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ८०१ गोल होते. ज्यांनी त्याला गाडीत बसू दिले त्यांनी घरची ओढ हा दोष म्हणून लिहून ठेवला असेल काय? पंधरा वर्षांच्या मुलाला आई आठवणे हा दोष मानणारी परीक्षा मुळात कशाची परीक्षा होती, असा प्रश्न मनात येतो.

याच्या अगदी उलट टोकाला झाँ बेलिव्हो. क्वेबेक शहरातील ‘एसेस’ या संघात तो नावाला हौशी म्हणून खेळे, परंतु त्याची मिळकत अनेक धंदेवाईकांना लाजविणारी होती, आणि शहराचे प्रेम इतके की माँट्रिअलला जाण्याची त्याला घाई नव्हती. माँट्रिअलच्या क्लबाकडे त्याचा ‘बी’ फॉर्म होता; म्हणजे तो धंदेवाईक होईल तर त्यांच्याचकडे. पण तो होईच ना. तेव्हा क्लबाने १९५३ साली अशी तजवीज केली की जिला आपल्याकडच्या मुत्सद्द्यांनीही दाद द्यावी: बेलिव्हो ज्या लीगमध्ये खेळत होता ती अख्खी लीगच विकत घेऊन तिला धंदेवाईक करून टाकले. बेलिव्हो जागचा हलला नाही आणि रात्रीतून धंदेवाईक झाला. त्याचा कागद आपोआप जागा झाला. पाच वर्षांचे १,०५,००० डॉलर ठरले.

त्याच ‘एसेस’ संघात बेलिव्होच्या जोडीला हर्ब कार्नेगी नावाचा खेळाडू होता. जमैकाहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा टोरांटोत वाढलेला. १९४८ साली न्यू यॉर्क क्लबाने त्याची चाचणी घेतली आणि खालच्या दर्जाच्या संघातील अशा जागा देऊ केल्या की ज्यांचे वेतन तो आधीच मिळवीत असलेल्या पैशांपेक्षा कमी होते. त्याने नकार दिला आणि लीगचा दरवाजा त्याला कधीच उघडला नाही. एकासाठी लीग विकत घेतली गेली, दुसऱ्यासाठी एक खुर्ची सरकविली गेली नाही. आणि दोघांनाही पाहणारे डोळे तेच होते. कृष्णवर्णी खेळाडू लीगमध्ये प्रथम उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी, बोस्टनकडून: विली ओ’री. याच्या कथेत पारख करणाऱ्यांची फजिती आहे. कुमारवयात पक लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. त्याने ही गोष्ट कोणाला कळूच दिली नाही. डाव्या बाजूने खेळणाऱ्याला चकती उजवीकडून येते, म्हणून तो मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्याने ती टिपून घेई. ज्यांना त्याचा वर्ण शंभर फुटांवरून दिसत होता त्यांपैकी एकालाही त्याची वळणारी मान दिसली नाही.

मग ही मंडळी पाहात तरी काय? धंद्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यावरून सांगता येते ते असे. पहिले, पाय: जागेवरून सुटताना पहिली तीन पावले किती झपाट्याने पडतात, वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकण्यात खंड पडतो की काय, आणि उलट्या पावली मागे जाताना कंबर खाली राहते की मुलगा ताठ उभा होतो. त्यानंतर हात, परंतु हात शिकविता येतात. त्यानंतर मान, आणि येथे खरा जाणकार पुढे सरकून बसतो. चकती कोपऱ्यात गेली आणि तिच्यामागे मुलगा धावला, तर पोहोचण्याआधी तो खांद्यावरून एकदा मागे पाहतो का? पाहत असेल तर चकती हाती येण्यापूर्वीच ती कोठे द्यायची हे त्याने ठरविलेले असते. न पाहणारा मुलगा कितीही वेगवान असो, मोठ्यांच्या खेळात तो भिंतीवर आदळणार. चकती जवळ नसताना तो काय करतो, चुकल्यावर बाकावर येऊन बसला म्हणजे पंचांकडे बोट दाखवितो की मान खाली घालतो, याही नोंदी होतात. आणि सामना संपल्यावर टेहळ्या हळूच प्रेक्षकांत फिरून आईबाप किती उंच आहेत ते पाहून घेतो. बाजारात खोंड घेणारा शेतकरी दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो आणि जमल्यास त्याची गायही पाहून येतो. तालमीतला वस्तादही पोराच्या बापाचे खांदे न्याहाळल्यावाचून राहात नाही. विद्या एकच, केवळ बर्फाची जोड निराळी.

फरक इतकाच की खोंडाचे भवितव्य दोन वर्षांत उघड होते, आणि तेरा वर्षांच्या मुलाला अठरा-वीसचा होईतो वाढ, आजार, प्रेम, शाळा, बापाची नोकरी अशा अनेक गोष्टींमधून जावयाचे असते. त्या घाईच्या पद्धतीला जो उतारा सापडला तो ५ जून १९६३ रोजी माँट्रिअलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात. कोणत्याही क्लबाच्या दफ्तरी न चढलेल्या मुलांना सहा क्लबांनी पाळीपाळीने निवडावे, असा हा पहिला ‘ड्राफ्ट’. निवडली गेली सारी २१ मुले, पहिले नाव गॅरी मोनाहन. चांगली मुले आधीच कागदांत अडकलेली असल्यामुळे हा प्रकार प्रारंभी उष्टावळीच्या वाटपासारखा होता. कुमारसंघ पोसण्याची पद्धत विराम पावून सर्व मुले खऱ्या अर्थाने पटावर आली ती १९६९ साली. आणि त्या वर्षीही माँट्रिअलने फ्रेंचभाषक मुलांवरील आपला जुना विशेष हक्क शेवटचा वसूल करून रेजाँ हूल आणि मार्क टार्डिफ हे दोघे पहिल्या दोन पाळ्यांत उचलले. वतने खालसा झाली तरी शेवटचा हप्ता सोडायचा नाही, ही वृत्ती देशोदेशी सारखीच दिसते.

पण आता टेहळ्याचे काम पालटले. पूर्वी त्याला इतरांच्या आधी पोहोचावयाचे होते, यापुढे इतरांपेक्षा अधिक नीट पाहावयाचे होते. १९६९ सालीच त्याची पहिली कसोटी लागली. मॅनिटोबातील फ्लिन फ्लॉन या खाणींच्या गावचा बॉबी क्लार्क हा मुलगा गुणांनी पहिल्या ओळीतला, परंतु मधुमेही. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये नेऊन, नीट काळजी घेतल्यास हा खेळू शकेल, असा दाखला आणला. दाखला सर्वांच्या हाती होता, भीतीही सर्वांच्या मनी होती, आणि म्हणून सोळा नावे पुकारली जाईतो क्लार्क शिल्लक राहिला. फिलाडेल्फियाने त्याला सतरावा उचलला. १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच्या नेतृत्वाखाली फिलाडेल्फियाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकला.

१९७४ च्या ड्राफ्टचे एक प्रकरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या काळच्या एका प्रतिस्पर्धी लीगला सुगावा लागू नये म्हणून त्या वर्षी सारी निवड दूरध्वनीवरून गुप्तपणे चालली आणि ती इतकी रेंगाळली की बफेलो क्लबाचे व्यवस्थापक पंच इमलाक कंटाळून गेले. अकराव्या फेरीत, १८३ व्या क्रमांकावर, त्यांनी गंभीर आवाजात टोकियो कटानाज संघाच्या तारो त्सुजिमोतो याचे नाव घेतले. लीगच्या कारकुनांनी ते नोंदवून घेतले. असा संघ नव्हता आणि असा खेळाडूही नव्हता. निवड मागाहून रद्द झाली. परंतु दफ्तराला कोणी प्रत्यक्ष पाहिले की नाही याशी कर्तव्य नसते, हे इमलाकने सिद्ध केले ते केलेच. पुढल्याच वर्षी, १९७५ मध्ये, लीगने जॅक बटन यांच्या हाताखाली मध्यवर्ती टेहळणी कचेरी काढली. त्सुजिमोतोमुळे नव्हे, पण योगायोग मजेदार आहे. १९८० पासून ड्राफ्ट माँट्रिअल फोरममध्ये जनतेसमक्ष भरू लागला आणि मुले आईबापांसह गॅलरीत बसून आपले नाव ऐकण्याची वाट पाहू लागली.

कचेऱ्या वाढल्या, याद्या वाढल्या. चुका मात्र जुन्याच घराण्यातल्या राहिल्या. १९८४ साली लॉस एंजल्सच्या क्लबाने ल्यूक रोबिताय याला १७१ वा घेतला, कारण त्याचे स्केटिंग सर्वांना मंद वाटले; त्याच क्लबाने त्याच दिवशी त्याच्या आधी, ६९ व्या क्रमांकावर, टॉम ग्लॅव्हिन नावाच्या मुलाला घेतले होते, जो पुढे बेसबॉलमध्ये गेला आणि तेथे महान गोलंदाज ठरला. रोबितायने ६६८ गोल केले. डेट्रॉइटने स्वीडनमधील आपला टेहळ्या हाकन अँडरसन याच्या सांगण्यावरून १९९८ साली पावेल दात्सुक १७१ वा आणि १९९९ साली हेन्रिक झेटरबर्ग २१० वा उचलला. दोघेही आपल्या काळचे अग्रगण्य खेळाडू झाले. याचे श्रेय डेट्रॉइटला देतात आणि ते योग्यही आहे, परंतु त्यांच्या क्षमतेविषयी क्लबाची खरोखर खात्री असती तर त्याने २०९ नावे पुकारली जाईपर्यंत कळ काढली असती काय? मार्टिन सेंट लुई याला तर कोणी निवडलेच नाही. उंची पाच फूट आठ इंच, बस्स. २००४ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उंचीच्या या मोहापाठीमागे एक साधे गणित होते, आणि ते कोणा टेहळ्याला नव्हे, तर एका मानसशास्त्रज्ञाला दिसले. कॅनडातील लेथब्रिजच्या रॉजर बार्न्सली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ साली दाखवून दिले की वरच्या दर्जाच्या संघांतील मुलांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले फार आणि शेवटच्या तीन महिन्यांतली अगदी थोडी असतात. वयोगटाची तारीख १ जानेवारी. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलांत जानेवारीचे पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे, टोलेजंग, म्हणून ते निवडले जाते, निवडले म्हणून त्याला बर्फ आणि गुरू अधिक मिळतो, आणि अखेर ते खरोखरच सरस होते. म्हणजे टेहळ्या जिला प्रतिभा समजत होता ती कित्येकदा पंचांगातली तारीख होती. आपल्याकडे शाळेत नाव घालतेवेळी मास्तरांनी गावच्या गाव १ जूनला जन्माला घातले. ती पिढी या संशोधकांच्या हाती लागली असती तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

१९९० नंतरच्या काळात ड्राफ्टपूर्वी मुलांना एका ठिकाणी जमवून त्यांची फुप्फुसे, मांड्या आणि दंड यंत्रांवर मोजण्याचा प्रघात पडला. २०१४ साली तेथे सॅम बेनेट नावाच्या मुलाला आडव्या दांड्याला लोंबकळून एकदाही हनुवटी वर नेता आली नाही, आणि त्याची वर्तमानपत्रांत बरीच थट्टा झाली. कॅलगरीने त्याला चौथा घेतला. २०२५ साली स्टॅन्ली कपच्या झुंजींतील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक त्याने, दुसऱ्या क्लबाकडून खेळताना, मिळविले. दांडा अद्याप तेथेच आहे.

गॅननॉक्वेत ज्यांनी निर्णय केला त्यांचा निर्णय बरोबर होता, याविषयी कोणालाच शंका नाही. ऑर १९६६ साली, अठराव्या वर्षी, बोस्टनला आला. बचावपटूंचे सर्वोच्च पारितोषिक त्याने लागोपाठ आठ वर्षे घेतले, आणि १९७० साली, एकोणतीस वर्षांच्या खंडानंतर, बोस्टनला स्टॅन्ली कप मिळाला तो त्याच्याच गोलाने. त्याचा मुखत्यार ॲलन ईगल्सन हा त्याने स्वतः पारखून विश्वासाने जवळ केलेला माणूस. त्याच ईगल्सनला पुढे १९९८ साली खेळाडूंशी संबंधित पैशांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. बोस्टन सोडून १९७६ मध्ये ऑर शिकागोला गेला तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तेथे तो तीन हंगामांच्या अवधीत सारे २६ सामने खेळला, मधला एक हंगाम तर संपूर्ण बाहेर बसला, आणि १९७८ साली, तिशीतच, त्याने काठी खाली ठेवली. पॅरी साउंडच्या त्या मुलाचे पाय त्या दिवशी गॅननॉक्वेत किती जणांनी डोळे भरून पाहिले होते. गुडघाही तेथेच होता.